बकरीदनंतर सिंक का तुंबतं? पाइप मोकळा करायचा आणि मोकळा ठेवायचा कसा

बकरीद होऊन दोन-तीन दिवस झाले की आपल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सिंकमधलं पाणी उतरत नाही, मोरीच्या जाळीतून बुडबुडे येतात, स्वयंपाकघरात वास सुटतो. मग कुणी उकळतं पाणी ओतायला सांगतं, कुणी दुकानातून पावडरची पुडी आणतं, कुणी तार घालून खुपसत बसतं. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. रमजानमध्ये इफ्तारच्या तळणानंतर, किंवा घरात वलीमा झाला आणि अंगणातली देग मोरीत आणून धुतली की हाच प्रकार. सोनाळ्यासारख्या गावात आता पक्क्या घरात ओटा आला, सिंक आलं, भिंतीतून बाहेर नालीत जाणारा पीव्हीसी पाइप आला. पण तो वापरायचा कसा हे कुणी सांगितलं नाही. मिस्त्री पाइप बसवून गेला, बस्स.

आम्ही हा विषय घेतला त्याला कारण आहे. तुंबलेली मोरी हा घरातल्या बायकांचा त्रास आहे असं समजून पुरुष मंडळी तिकडे बघत नाहीत. आणि शेवटी जेव्हा बघतात, तेव्हा थेट ॲसिडची बाटली आणतात. पाइप तुंबणं एवढं धोक्याचं नसतं, तो मोकळा करायची ही पद्धत धोक्याची असते.

आधी पाइपात होतं काय ते बघू

बोकडाची चरबी गरम रश्श्यात पातळ असते. तापमान ४०-४५ अंशांच्या खाली उतरलं की ती घट्ट व्हायला लागते. कुणी म्हणेल, वऱ्हाडात मे महिन्यात पाराच ४५ च्या आसपास असतो, मग चरबी गोठेल कशी? गोठते, कारण फरशीखालचा पाइप सावलीत आणि ओलाव्यात असतो आणि बोअरचं पाणी उन्हाळ्यातही गारच असतं. भांडी घासताना गरम पाण्याने सुटलेली चरबी पाइपात चार-सहा फूट गेली की थंड होते आणि पाइपाला आतून चिकटते. पहिल्या दिवशी पातळ थर. दुसऱ्या दिवशी त्यावर चहाची पत्ती, भाताची शितं, कांद्याची सालं, भिजलेलं पीठ. तीन इंची पाइप असा आतून इंच-दीड इंचाचा होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण पाणी अजून जात असतं. ज्या दिवशी पाणी थांबतं, त्या दिवशी आपण म्हणतो आज पाइप तुंबला. खरं तर तो तीन महिन्यांपासून तुंबत होता.

वनस्पती तुपाचंही तेच. ते तर चाळीस अंशांच्या आतच थिजतं. पामतेल थंडीत दाटतं. तेल पातळ आहे म्हणून नालीत गेलं तर चालतं, असं समजू नका.

आता याच्यात चुना मिसळला तर? बकरीदला ओझरी साफ करताना आपल्याकडे चुना आणि गरम पाणी वापरतात. त्याने ओझरीवरचा काळा थर सुटतो, पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण ते चुन्याचं पाणी सिंकमध्ये ओतलं की चरबी आणि चुना एकत्र येतात. चरबीतली आम्लं आणि चुन्यातलं कॅल्शियम यांचा एक घट्ट, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. हाही एक प्रकारचा साबणच, पण फेस न येणारा, मेणासारखा, वाळला की खडूसारखा. तो गरम पाण्याने वितळत नाही. तारेने खरवडावा लागतो. ईदनंतरचं तुंबणं नेहमीपेक्षा चिवट असतं त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि घरात कुणाला ते माहीत नसतं.

जड पाण्यातही हेच घडतं, फक्त सावकाश. पूर्णा नदीच्या काठचा खारपाणपट्टा संग्रामपूर तालुक्याच्या दक्षिण भागातून जातो. तिथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तसाच थर पाइपात बसतो आणि चरबीला धरून ठेवतो. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे त्या पट्ट्याच्या वर. पण आपल्या लेकी-बहिणी खालच्या गावांत दिलेल्या आहेत, त्यांच्या मोरीत हा त्रास जास्त का, हे यावरून लक्षात येईल.

ही काही फक्त आपल्या गावखेड्याची गोष्ट नाही. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखालच्या गटारात असाच एक गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. चरबी, तेल आणि नालीत टाकलेले ओले कागदी रुमाल यांचा तो दगड झाला होता. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला गेला! आपल्या मोरीतला गोळा त्याचाच लहान भाऊ.

उकळत्या पाण्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. नुसतं उकळतं पाणी चरबी वितळवतं, पण संपवत नाही. ती चार फुटांवरून उठून दहा फुटांवर, बहुधा भिंतीपलीकडच्या एल्बोमध्ये जाऊन बसते. तिथे हात पोचत नाही. शिवाय पीव्हीसीचा पाइप साधारण ८० अंशांच्या पुढे मऊ पडतो. पुन्हा पुन्हा उकळतं पाणी ओतलं की सांधे सैल होतात आणि पाणी भिंतीत झिरपायला लागतं. वापरायचंच तर हाताला सोसेल त्यापेक्षा थोडं जास्त गरम पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच चमचे, आणि त्यामागून लगेच बादलीभर पाणी जोरात. तेही चरबी नुकतीच अडकायला लागली असेल तेव्हाच. पूर्ण बंद पाइपावर याचा उपयोग नाही.

तुंबलं तर काय करायचं

आधी अडलंय कुठे ते शोधा. सिंकचं पाणी थांबलंय पण खालच्या मोरीचं जातंय, तर दोष सिंकखालच्या लवचिक पाइपात किंवा ट्रॅपमध्ये. सिंकचं पाणी मोरीतून वर येतंय, तर दोष पुढे, भिंतीतल्या किंवा बाहेरच्या पाइपात. आणि बाहेरचं चेंबरच भरलेलं असेल तर घरात कितीही खटपट करा, काही होणार नाही. दोन मिनिटांचं हे काम लोक करत नाहीत आणि तास वाया घालवतात.

सिंकखालचा भाग सोपा आहे. खाली बादली ठेवा. बाटलीसारखा ट्रॅप असेल तर त्याचं खालचं झाकण हाताने फिरवून काढा. घाण बादलीत पडेल. ट्रॅप जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा, रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा आणि झाकण परत लावा. बादलीतलं पाणी पुन्हा त्याच सिंकमध्ये ओतू नका. हसू नका, घाईत होतं असं. ट्रॅप नसेल, नुसता वळ्यांचा लवचिक पाइप असेल, तर तो सिंकखालून सोडवा, बाहेर नेऊन झटका आणि धुवा. परत बसवताना त्याला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक द्या आणि तारेने बांधा. त्या बाकात पाणी साठून राहतं, म्हणून नालीचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. वास येतो म्हणून फिनाइल ओतणाऱ्या घरांत बघितलं तर बऱ्याचदा हा बाकच नसतो.

पुढच्या पाइपात अडलं असेल तर रबरी प्लंजर आणा, त्यालाच काही जण पंप म्हणतात. सिंकमध्ये दोन-तीन इंच पाणी असू द्या. मोरीच्या जाळीवर ओल्या कपड्याचा बोळा घट्ट दाबून धरायला दुसऱ्या माणसाला सांगा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. प्लंजर भोकावर नीट बसवा आणि १५-२० वेळा दाबा-ओढा. दाबण्यापेक्षा ओढणं महत्त्वाचं, कारण ओढल्याने गोळा सुटून मागे येतो. जोरात दाबत राहिलं तर तो पुढे आणखी घट्ट बसतो.

त्यानेही नाही झालं तर स्प्रिंग. हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा फुटांपासून लांबीच्या मिळतात, मूठ फिरवली की स्प्रिंग पाइपात फिरत पुढे जाते. अडलं तिथे ढकलायचं नाही, फिरवायचं, आणि थोडं मागे ओढून काय येतं ते पाहायचं. जीआय तारेचं टोक वाकवून आकडा केला तरी जवळच्या गोळ्यासाठी चालतं. बांबूची काठी आणि लोखंडी सळई मात्र नको. काठी आत तुटते, सळई एल्बो फोडते. मग फरशी फोडायची वेळ येते.

एक युक्ती गावात फार कमी लोक वापरतात, पण आम्हाला तीच सगळ्यात भरवशाची वाटते: बाहेरून आत जा. पाइपाचं नालीतलं किंवा चेंबरमधलं तोंड शोधा, आधी तिथली घाण फावड्याने काढा. मग शेतातला अर्धा इंची पाइप त्या तोंडातून आत सारत न्या आणि पाणी सोडा. पाण्याच्या जोराने गोळा कोरला जातो आणि घाण तुमच्याच बाजूने बाहेर येते. तोंड कपड्याने बंद करू नका, नाहीतर सगळं पाणी स्वयंपाकघरात उलटं येईल. हातमोजे घाला. आणि काम झाल्यावर तो पाइप पिण्याच्या पाण्याच्या टाकीत घालू नका. तो आता नालीचा पाइप झाला.

पावडर आणि ॲसिड

दुकानात मिळणाऱ्या पाइप मोकळा करायच्या पावडरमध्ये मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. काहींत ॲल्युमिनियमचे बारीक कण घातलेले असतात. पाणी लागलं की ते मिश्रण उकळल्यासारखं तापतं आणि चरबीचा साबण करतं. काम करतं, यात शंका नाही. पण कातडीला आणि डोळ्याला ते तसंच जाळतं, कारण आपली कातडीही चरबी आणि प्रथिनांचीच असते.

म्हणून वापरायचीच असेल तर काही गोष्टी पाळा. पाइप पूर्ण बंद असताना पावडर टाकू नका. ती पाण्यात तशीच पडून राहते, आणि मग तुम्ही प्लंजर मारला की तेच पाणी तोंडावर उडतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच हात लावा, खिडकी उघडी ठेवा, मुलांना बाहेर पाठवा. डब्यात पाणी ओतून पावडर कालवू नका. जर्मलचं भांडं जवळ आणू नका, कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. आणि प्लंबरला बोलावलं तर त्याला आधी सांगा की आत पावडर टाकली आहे. ट्रॅप उघडताना त्याच्या हातावर ते पाणी पडणार आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाने झालं नाही म्हणून दुसरं ओतणं. आधी पावडर, मग संडास साफ करायचं ॲसिड, मग ब्लीच. कॉस्टिक सोड्यावर ॲसिड पडलं की ते उसळून अंगावर येतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तो हाच वायू. लहानशा बंद स्वयंपाकघरात तो छातीत भरायला वेळ लागत नाही. असा झोंबणारा वास आला तर काहीही न करता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. श्वास लागत असेल तर दवाखाना.

डोळ्यात उडालं तर लगेच साध्या वाहत्या पाण्याने किमान १५-२० मिनिटं धुवा, मगच दवाखान्यात न्या. मुलाने पावडर किंवा ते पाणी गिळलं तर उलटी करवू नका. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. लिंबू, दही, तूप काही पाजत बसू नका, तोंड पुसा, पुडी सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. उरलेलं ॲसिड शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ठेवण्याची सवय आपल्या कितीतरी घरांत आहे. ती आजच मोडा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर किंवा लिंबू यांचा व्हिडिओ मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. फेस सुंदर येतो. पण त्या दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं, उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. वास थोडा जाईल, चरबी नाही. त्यापेक्षा धुण्याचा सोडा बरा. महिन्यातून एकदा रात्री अर्धी वाटी धुण्याचा सोडा तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून ओता, सकाळी बादलीभर पाणी सोडा. पातळ थर निघून जातो. यालाही हातमोजे लागतात, पण कॉस्टिकसारखा धोका नाही.

ईदच्या दिवशीच सावरायचं

आता खरी गोष्ट. भांडं सिंकमध्ये ठेवण्याआधी पुसा. एवढंच. गंजाला लागलेला रस्सा, कढईतलं तेल, तव्यावरचं तूप जुन्या वर्तमानपत्राने किंवा फाटक्या सुती कपड्याने पुसून काढा आणि मग पाणी लावा. पाहुण्यांची ३०-४० ताटं असतील तर एक माणूस फक्त पुसायला बसवा. आमच्या मते हे काम मुलांचं आणि पुरुषांचं. अम्मी आणि भाभी चुलीशी सकाळपासून उभ्या असतात, निदान ताट पुसायला तरी उठा. आपल्याकडे ताट स्वच्छ निपटून खाण्याची सुन्नत आहे. ती नीट पाळली तर पुसायला उरतं ते फक्त तूप.

गोश्त सिंकमध्ये धुऊ नका. घमेल्यात धुवा. ओझरी, पाये, मुंडी हे तर अंगणातच. चुन्याचं पाणी आणि रक्ताचं पाणी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात ओता आणि वर माती ओढा, उघडं ठेवलं तर माश्या येतात. भाजलेल्या पायांचे जळके केस पाइपात गेले की ते जाळ्यासारखे अडकतात आणि मग सगळंच धरून ठेवतात. छाटलेली चरबी, आतडी, उरलेलं सगळं तीन-चार फूट खोल पुरा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. लोकांच्या वाटेत, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करण्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सक्त मनाई केली आहे, आणि वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानाचाच एक भाग सांगितला आहे. नाली ही कुणाच्या तरी दारातूनच जाते.

बकरीद २०२५ मध्ये ७ जूनला आली होती, पावसाच्या तोंडावर. चंद्राच्या हिशेबाने ती दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढची काही वर्षं ती भर उन्हाळ्यात येईल आणि दहा-बारा वर्षांनी थंडीत. थंडीत चरबी आणखी लवकर गोठेल, तेव्हा सवय आताच लागलेली बरी.

रोजच्या वापरात सिंकच्या भोकावर बारीक स्टीलची जाळी हवी, रोज रात्री झटकायची. शितं, पोळीचे तुकडे, चहाची पत्ती नालीत नको. अन्न नालीत टाकू नये हे आपल्या नानी-दादी अदब म्हणून सांगत आल्या, त्यांचं म्हणणं पाइपालाही लागू पडतं. कोंबड्या, बकऱ्या असतील तर उरलेलं त्यांना, नाहीतर झाडाच्या बुडाशी. पीठ मळलेली परात आधी कोरडी खरवडा, कारण भिजलेल्या गव्हाच्या पिठाचा चिकट गोळा होतो. आणि चुलीची राख वापरून भांडी घासत असाल तर ती अंगणातच घासा. राख चरबी छान काढते, पण पाइपाच्या तळाशी रेतीसारखी बसते आणि कुठल्याच पावडरने निघत नाही. तळणाचं उरलेलं तेल गार करून बाटलीत भरा. फेकायचंच असेल तर राखेत किंवा भुशात जिरवून पुरा.

घर बांधत असाल किंवा ओटा नवा करत असाल तर मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा. स्वयंपाकघराचा पाइप तीन इंचांपेक्षा कमी नको. दर दहा फुटांना साधारण अडीच इंच उतार हवा. त्याहून कमी ठेवला तर घाण बसते. आणि जिथे पाइप वळतो तिथे काटकोनी एल्बोऐवजी उघडता येणारं झाकण असलेला जोड बसवा. तेवढ्या जास्तीच्या खर्चात पुढची तोडफोड वाचते.

भिंतीपलीकडे

आपला पाइप मोकळा झाला म्हणजे चरबी नाहीशी झाली असं नाही, ती गल्लीच्या नालीत गेली. तिथे ती साचली की पाणी थांबतं. थांबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास होतात, हत्तीरोग पसरवणारे. डेंग्यूचा डास मात्र बहुधा घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो, त्याचा दोष नालीवर ढकलू नका. आणि जास्त काळजीची गोष्ट ही की अनेक गावांत नळाची लाइन नालीतून किंवा तिच्या कडेने गेलेली असते. पाणी एक दिवसाआड, दोन दिवसांआड येतं. नळ बंद असताना रिकाम्या लाइनमध्ये ओढ तयार होते आणि गळक्या जोडातून नालीचं पाणी आत जातं. पुढच्या वेळी ते आपल्याच माठात येतं. कावीळ आणि हगवण अशीच पसरते. आपली जोडणी नालीतून गेली असेल तर तिचे सांधे तपासून घ्या, जमल्यास ती वर उचलून घ्या.

घराबाहेर, नालीच्या आधी, चरबी अडवणारा एक डबा बसवता येतो. शहरात हॉटेलांना तो बसवावा लागतो, घरात कुणी बसवत नाही. २०-३० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक ड्रम घ्या. स्वयंपाकघराचा पाइप एका बाजूने वरून आत येऊ द्या. दुसऱ्या बाजूने बाहेर जाणारा पाइप त्याच्यापेक्षा दोन इंच खाली बसवा, पण त्याला आतून एक टी जोडा आणि टीचं खालचं टोक ड्रमच्या तळापासून चार-पाच इंचांवर येईल इतका पाइप लावा. ड्रममध्ये पाणी थांबतं, गार होतं. चरबी वर तरंगते, शितं आणि राख तळाशी बसते, आणि बाहेर जातं ते मधलं पाणी. दर पंधरा दिवसांनी, आणि ईदच्या आठवड्यात दोनदा, वरचा थर पळीने काढून पुरायचा. विसरलात तर हा ड्रमच तुंबेल, हे आधीच सांगतो.

ज्यांच्या दारात नालीच नाही त्यांनी शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्या नकोशा केल्या. तो प्रकार पुढे नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखला गेला. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, वर झाकण. पण जमीन बघून. खड्ड्याच्या जागी आधी फूटभर खोल लहान खड्डा करून तो पाण्याने भरा. पायथ्याकडच्या मुरमाड, गोट्यांच्या जमिनीत पाणी बघता बघता उतरेल. पूर्णाकाठच्या चिकट काळ्या जमिनीत तासन् तास तसंच राहील, तिथे खड्डा मोठा करावा लागतो किंवा परसबागेत पाणी वळवणं बरं पडतं. विहीर-बोअरपासून ५० फूट तरी लांब ठेवा. आणि आधी चरबीचा ड्रम नसेल तर दगडांवर चरबी बसून शोषखड्डाही वर्षा-दोन वर्षांत बंद पडतो.

स्वयंपाकघराचा पाइप संडासाच्या टाकीत किंवा दोन खड्ड्यांच्या संडासात सोडलेला असेल तर तो तिथून काढा. चरबी आणि साबणाने टाकी लवकर भरते. मग ती उपसायला आपण कुणाला बोलावतो? गावात ठरलेला एखादा गरीब माणूस, जो चार पैशांसाठी आत उतरतो. बंद टाकीत विषारी वायू असतो, दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने कुणालाही सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात उतरवणं गुन्हा आहे, घरमालकासाठीसुद्धा. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकी उपसायला मशीनची गाडीच बोलवा, ती तालुक्याहून यायला चार दिवस लागले तरी.

गल्लीची नाली मात्र एकट्याच्या घरातून सुधारत नाही. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२०-२१ पासून सुरू झाला, त्यात सांडपाण्याची व्यवस्था हाच एक मुख्य विषय आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशातही ठरावीक हिस्सा स्वच्छतेसाठीच राखून ठेवायला सांगितला. मोहल्ल्यातल्या दहा-पंधरा घरांनी मिळून लेखी अर्ज द्या, त्यात कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत नाली हवी, किती फूट, पाणी शेवटी कुठे सोडायचं हे लिहा, आणि पोच घ्या. ग्रामसभेला बायकांनीही जावं. नाली कुठे तुंबते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बकरीदच्या आधी महिनाभर ही नाली साफ करून मागा, आणि ईदच्या तीन दिवसांत अवशेष उचलायला ट्रॅक्टर-ट्रॉली कुठे उभी राहील ते मशिदीतून जाहीर करायला सांगा.